काळ्या पट्टीखालचा दिवा

"आई, ब्रेक मारलास?"

"मी कशाला ब्रेक मारू? पाय ॲक्सिलरेटरवर आहे माझा!"

दापचरीच्या अलीकडचा चढ लागला होता आणि पांढरी व्हॅन उचकी लागल्यासारखी अंग झटकत होती. गच्... गच्... गचक! मागच्या सीटवरच्या योगिताचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं. शेजारच्या जिग्नेशच्या पुडीतले शेंगदाणे उडाले, ते बोंबलांच्या टोपलीत जाऊन पडले. पलीकडे बसलेल्या बारकीने मात्र त्यातला एक हवेतच पकडला आणि तोंडात टाकला.

"अरे यार, माझे शेंगदाणे!" जिग्नेश ओरडला.

"गप बस रे!" योगिता म्हणाली. तिचं लक्ष आरशात होतं. आरशात आईचे डोळे दिसत होते आणि ते घाबरलेले होते.

व्हॅनमध्ये डहाणूच्या किनाऱ्यावरच्या चार मासळीवाल्या बसल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या तलासरीला मासळी विकायला जात. त्या मंगळवारी गाडी रखडत, धापा टाकत पोहोचली तेव्हा सावलीतल्या सगळ्या जागा दुसऱ्यांनी धरल्या होत्या. भर मे महिन्यात उन्हात बसून मासळी विकायची म्हणजे काय, ते विकणाऱ्यालाच ठाऊक. पंधरा दिवसांत हे चौथ्यांदा घडलं होतं. बायका आईला काही बोलल्या नाहीत, पण टोपल्या उतरवताना त्यांनी जरा जोरातच आपटल्या.

पुढच्या सीटवरून उतरलेल्या हंसाआजींनी तेवढा आईच्या पाठीवर हात ठेवला. "होतं गो असं. समुद्रात होडीसुद्धा रुसते."

योगिताच्या आईची, म्हणजे सुनिताची, गोष्ट त्यांच्या गावात, सरावलीत, सगळ्यांना ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी, २०१६ साली, महिला बचत गटाने ही व्हॅन घेतली आणि चालवणार कोण असा प्रश्न आला, तेव्हा सुनिताने हात वर केला. ती लायसन्स काढून आली, तरी पहिले काही दिवस गाडी रिकामीच. बाई रिव्हर्स घेणार म्हटलं की नाक्यावरचे लोक हातातला चहा सोडून बघायला उभे राहायचे! तेव्हा सगळ्यांत आधी गाडीत चढल्या त्या हंसाआजी. "माझा नवरा तांडेल होता, होडीचा कप्तान," त्या पुढच्या सीटवर ऐसपैस बसत म्हणाल्या होत्या. "तो वादळाला भ्याला नाही. मी बाईला भिऊ काय?" त्यांच्यामागून मग बाकीच्या चढल्या. तेव्हापासून पुढची सीट हंसाआजींची.

त्या मंगळवारी परत आल्यावर आई गाडी घेऊन डहाणूच्या विनोदभाऊंच्या गॅरेजमध्ये गेली. बचत गटाच्या अध्यक्ष भाविनीबेनही तिथे आल्या. विनोदभाऊंनी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. गाडी अशी गुळगुळीत चालली, की जणू तिने कधी उचकी म्हणून दिलीच नव्हती!

"बघा! गाडीला काही झालेलं नाही," विनोदभाऊ हात पुसत म्हणाले. "मी दोनदा प्लग बदलले. आता काय बदलू, ड्रायव्हर? सुनिताताई क्लचवर पाय ठेवून चालवतात, म्हणून झटके बसतात. गाडी हात ओळखते, भाविनीबेन. माझा पुतण्या मोकळाच आहे. म्हणाल तर उद्यापासून येईल."

भाविनीबेन स्वभावाने वाईट नव्हत्या, फक्त घाईत असायच्या. "सुनिताबेन, वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या. "पंधरा दिवसांत मासेमारी बंद होईल. तोवर एकेक बाजार बायकांना मोलाचा आहे. रविवारी मीटिंगमध्ये ठरवू या, गाडी कोणाकडे द्यायची ते."

घरी आल्यावर आईने किल्ली खिळ्याला अडकवली, मग परत काढली, पदराने पुसली आणि पुन्हा अडकवली. मग ती रात्रीच्या भाकरी थापायला बसली. योगिताला विनोदभाऊंचा इतका राग आला होता, की तिची भाकरी ताटातच राहिली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, एका क्षणापुरतं तिलाही वाटून गेलं होतं, खरंच आईचं चुकत असेल तर? त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली, की ती आईकडे बघूही शकली नाही. पण मनात आलेला प्रश्न नुसता लाजून जात नाही. त्याचं उत्तरच शोधायला हवं होतं.

बुधवारी सकाळी जिग्नेश घोलवडहून सायकल हाणत आला. बारकी सुट्टीत सरावलीला मावशीकडेच राहत होती. तिघं एकाच वर्गातले, आता आठवीत जाणारे. योगिताने व्हॅनच्या पायरीवर आईची फेऱ्यांची वही उघडली. कुठल्या दिवशी, कुठे, कोणाला घेऊन गेली, ते आई त्यात नेमाने लिहायची.

"जिथे झटके बसले तिथे फुली मारायची," योगिता म्हणाली. आईला विचारून विचारून तिने फुल्या मारल्या, आणि मग तिघंही वहीवर वाकले.

"मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार..." जिग्नेश बोट फिरवत म्हणाला. "सगळ्या फुल्या मासळीच्या दिवशी! सोमवारी दवाखान्याची फेरी, काही नाही. गुरुवारी शाळेच्या बाईंना सोडलं, काही नाही."

"आणि मासळीच्या दिवशीसुद्धा फक्त जाताना," बारकी हळूच म्हणाली. बारकी कमी बोलायची, पण तिच्या नजरेतून मुंगी सुटत नसे. "येताना एकही फुली नाही."

योगिता ताडकन उठली. "गाडी हात ओळखते म्हणे! मग सोमवारी का नाही ओळखत? येताना का नाही ओळखत? हात तर आईचेच असतात!"

तिच्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. आईचा दोष नव्हता. पण मग कोणाचा?

"हे काय चिकटवलंय?" बारकी आता गाडीत शिरून स्टिअरिंगच्या मागे बघत होती. मीटरच्या काट्यांच्या शेजारी, कोपऱ्यात, नखाएवढी काळी चिकटपट्टी होती.

"ती होय?" आई दारातून म्हणाली. "एप्रिलमध्ये सर्व्हिसिंग केलं ना, तेव्हा विनोदभाऊंनी लावली. तिथला दिवा उगाच लागतो म्हणाले. सगळ्याच गाड्यांचा लागतो, लक्ष देऊ नका म्हणाले."

योगिताने आईकडे बघितलं. आईने मान डोलावली. पट्टी निघाली, आईने किल्ली फिरवून इंजिन सुरू केलं. बाकीचे दिवे विझले, पण पट्टीखालचा तो छोटा, इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा तसाच जळत राहिला.

"म्हणजे गाडी महिनाभर ओरडतेय," योगिता म्हणाली, "आणि यांनी तिच्या तोंडाला पट्टी लावून ठेवली!"

ती पट्टी तिने वहीच्या मागच्या पानावर जपून चिकटवली.

घोलवडला जिग्नेशच्या चिकूवाडीच्या कुंपणाला लागून नारूकाका राहायचे. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या वायरिंगची कामं केली होती. आता डोळ्यांना फार दिसत नसे, म्हणून दुकान बंद केलं होतं. पण कान असे, की रस्त्यावरून गेलेल्या गाडीचा कुठला नट ढिला आहे ते खाटेवरून सांगायचे.

मुलांचं सगळं ऐकून ते हसले. "इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल आणि वेळेवर पडणारी ठिणगी. बॅटरी असते बारा व्होल्टची. तेवढ्याने ठिणगी उडत नाही. मग मध्ये असते कॉइल. ती बाराचे हजारो व्होल्ट करते आणि प्लगला देते. तुमच्या गाडीला चार सिलिंडर, चार प्लग, चार कॉइल. चार जण होडी उचलून वाळूवर आणतात ना? त्यातल्या एकाने मध्येच हात काढला तर काय होईल?"

"झटका बसेल!" जिग्नेश म्हणाला. "म्हणजे कॉइल खराब आहे! चला, चारही नव्या आणू!"

"हेच! हेच विनोद करतो!" नारूकाकांनी काठी आपटली. "हे बदल, ते बदल. त्याला तपासणं म्हणत नाहीत, पोरा. आधी विचार कर, ती आजारी कधी पडते? त्या वेळी तिच्यात असं काय असतं, जे एरवी नसतं?"

परत येताना तिघांनी यादी केली. मासळीच्या दिवशी गाडीत काय असतं? चार बायका. टोपल्या. बर्फ. वजन!

"वजनच असणार," जिग्नेश छाती फुगवून म्हणाला. "जाताना भरलेली, येताना रिकामी. सुटलं कोडं!"

गुरुवारी त्याच्या वडिलांचे चिकूचे क्रेट तलासरीला जायचे होते. आईने ते व्हॅनमध्ये भरले. मासळीहून जास्तच वजन झालं. तोच रस्ता, आशागड, चारोटी नाका, दापचरीचा चढ. तिघं श्वास रोखून बसले. पिवळा दिवा लागलेला होता, पण व्हॅन चढ चढून गेली, एकसुद्धा गचका नाही!

"कोडं परत बंद झालं," बारकी म्हणाली. जिग्नेशने खिडकीबाहेर बघण्याचं नाटक केलं.

शुक्रवारी पहाटे योगिता मुद्दाम पुढच्या सीटच्या मागे बसली. आज तिने ठरवलं होतं, नुसतं बघायचं नाही, लक्ष देऊन बघायचं. किनाऱ्यावर टोपल्या चढल्या. सगळ्यात शेवटी हंसाआजी आल्या. त्यांनी रोजच्यासारखं एक जाडं गोणपाट खाडीच्या पाण्यात बुचकळलं, अर्धवट पिळलं, घडी केली, आपल्या सीटखाली, जिथे इंजिनाचं झाकण होतं, तिथे नीट दाबून बसवलं आणि वरून थोपटलं.

"घे बाई, थंड हो," त्या गाडीला म्हणाल्या. "लांब जायचंय."

हे योगिताने किती वेळा पाहिलं होतं! या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखालीच होतं. सीट तापायची, म्हणून आजी उन्हाळाभर हे करायच्या. होडीवरही त्यांच्या घरचे तेच करायचे, तापलेल्या इंजिनाच्या पेटीवर ओलं गोणपाट. रोज डोळ्यांसमोर होतं, म्हणून ते कधी दिसलंच नव्हतं.

आशागड मागे पडलं आणि पिवळा दिवा लुकलुकायला लागला. गच्!

"पाणी," बारकीने सीटखाली बोट दाखवलं. एक बारीक ओघळ झाकणाच्या कडेने आत उतरत होता.

योगिताने आजींकडे पाहिलं. उत्तर सापडलं होतं आणि ते तिला नको होतं. आईच्या गाडीत सगळ्यात आधी चढलेली बाई! एवढ्या दिवसांत एकदाही टोपली न आपटलेली एकमेव बाई! तलासरीला टोपल्या उतरवून बायका बाजारात गेल्यावर तिने आईला सीट उचलायला लावली. झाकणाच्या कडेला मिठाची पांढरी रेघ वाळलेली होती. कडेने एक खाच होती, पण खाचेत काहीच नव्हतं.

"इथे रबराचं पॅकिंग होतं," आई म्हणाली. "आधी होतं. सर्व्हिसिंगच्या आधी..."

दुपारी व्हॅन नारूकाकांच्या अंगणात, भर मोकळ्या हवेत उभी होती. "किल्ली माझ्या हातात," काकांनी बजावलं. "इंजिन बंद असल्याशिवाय कॉइलजवळ कोणी बोट न्यायचं नाही. धक्का बसला तर तुम्हालाही माझ्यासारखं दिसेनासं होईल!"

आईने झाकण काढलं. जिग्नेशने चिकूवर फवारा मारायचा हातपंप आणला आणि चारही कॉइलवर पाण्याचा बारीक फवारा मारला. काकांनी किल्ली फिरवली. इंजिन लटपटायला लागलं! मग इंजिन बंद करून आईने पहिल्या कॉइलची वायरची जोडणी काढली. परत सुरू. आवाज आणखी बिघडला. बंद. ती लावली, दुसरी काढली. आणखी बिघडला. तिसरी काढली, तेव्हा काकांनी हात वर केला.

"ऐका! काही फरक पडला?"

"नाही!" तिघं एकदम ओरडले.

"कारण ती आधीच काम करत नव्हती. हात काढलेला माणूस सापडला. पण दोष कॉइलचा की खालच्या प्लगचा? आता काय करशील, योगिता?"

योगिता विचार करू लागली. वर्गात दोन मुलं भांडली की बाई काय करायच्या? "जागा बदलायची," ती सावकाश म्हणाली. "तिसरी कॉइल पहिलीच्या जागी लावायची, पहिली तिसरीच्या. दोष कॉइलबरोबर गेला तर कॉइलच वाईट. तिथेच राहिला तर प्लग."

नारूकाकांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

कॉइलची अदलाबदल झाली. आता पहिलं सिलिंडर मुकं होतं आणि तिसरं नीट चालत होतं. दोष कॉइलबरोबर गेला होता!

"आता डोळ्यांनी बघा," काका म्हणाले. जिग्नेशने आणि बारकीने सीटच्या जागेवर ताडपत्री धरून अंधार केला. योगिताने दुरूनच आत डोकावलं. टक्, टक्, टक्. कॉइलच्या मानेवर केसाएवढ्या चिरेतून निळी ठिणगी बाहेर उड्या मारत होती.

"वीज आळशी असते," काका म्हणाले. "जवळची वाट मिळाली की लांब जात नाही. चिरेत ओल गेली, तीसुद्धा खारी, की ठिणगी प्लगपर्यंत न जाता तिथूनच पळते. सुकली की परत शहाणी, म्हणून येताना झटके नाहीत. विनोदच्या कोरड्या अंगणात ती कशी सापडणार?"

आई अजून त्या कॉइलकडेच बघत होती. "म्हणजे मी नव्हते," ती हळूच म्हणाली. तेव्हा योगिताला कळलं, की इतके दिवस आईलाही स्वतःचाच संशय येत होता. ती जाऊन आईला चिकटली.

"कॉइल आज बसवू नका," नारूकाका म्हणाले. "नवी आणून ठेवा, पण खिशात. रविवारी आजार दाखवायचा असेल तर रोगी आजारी हवा!"

घरी जाताना आई म्हणाली, "हंसाआजींचं नाव काढायचं नाही हं. कॉइल बिघडली होती एवढंच सांगू. म्हाताऱ्या माणसाला चारचौघींत खाली बघायला लावायचं नाही."

योगिताने मान डोलावली. पण तिला झोप लागली नाही. पाणी कुठून आलं, असं विनोदभाऊ विचारणारच. तेव्हा काय सांगायचं?

शनिवारी तेवढ्यापुरती काढलेली जुनी कॉइल नमुना म्हणून दाखवून जिग्नेशने डहाणूच्या दुकानातून तशीच नवी आणली. वाटेत तिघं विनोदभाऊंच्या गॅरेजवरून जात होते, तोच बारकी थबकली. गॅरेजचं फाटक एका लांब काळ्या रबरी पट्टीने बांधलेलं होतं.

जिग्नेश चोरपावलांनी पुढे सरकणार, तेवढ्यात योगिताने त्याची कॉलर धरली आणि सरळ आत गेली. "काका, ती फाटकाची पट्टी मला द्याल? त्याऐवजी ही सुतळी घ्या. मजबूत आहे."

"ने, ने! भंगारच आहे ते," विनोदभाऊ वर न बघताच म्हणाले. "महिन्यापूर्वी तुमच्याच गाडीतून निघालं. परत बसवायला कोणाला वेळ आहे?"

"थँक्यू, काका!" योगिता म्हणाली, आणि तिघं कोपऱ्यापर्यंत जेमतेम हसू दाबत गेले.

संध्याकाळी मात्र ती एकटीच किनाऱ्यावर गेली. हंसाआजी बांबूच्या मांडवावर बोंबील वाळत घालत होत्या, दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून. योगिताने शेजारी उभं राहून टोपलीतले बोंबील त्यांच्या हातात द्यायला सुरुवात केली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. गोणपाटाचंही.

आजींचे हात थांबले. "पण होडीवर तर आम्ही नेहमीच..."

"होडीचं इंजिन डिझेलचं, आजी. नारूकाका म्हणाले, त्यात ठिणगीच नसते. ओलं गोणपाट टाकलं तरी त्याला काही होत नाही. हे पेट्रोलचं आहे." योगिताने एक बोंबील पुढे केला. "तुम्ही मायेनेच केलंत. मी कोणाला सांगणार नाही. पण तुम्हाला कळायला हवं असं वाटलं. उद्या उगाच दुसऱ्या कोणाकडून..."

आजींनी पुन्हा बोंबील उचलले. चार जोड्या अडकवून झाल्यावर म्हणाल्या, "जा घरी. अंधार पडेल."

त्या रागावल्या होत्या की नाही, ते योगिताला काही केल्या कळेना.

रविवारी भाविनीबेनच्या चिकूच्या शेडमध्ये सगळ्या बायका जमल्या. विनोदभाऊ नवा शर्ट घातलेल्या पुतण्याला घेऊन आले होते. जिग्नेशचा हात धरून नारूकाकाही आले. हंसाआजी मात्र कुठे दिसत नव्हत्या.

विनोदभाऊंनी परत तेच सांगितलं. क्लच, हात, बाई. त्यांचं संपल्यावर योगिता उभी राहिली. तिने वहीतल्या फुल्या दाखवल्या, काळी पट्टी दाखवली, रबर दाखवलं आणि चिरलेल्या कॉइलचं सांगितलं.

"काय बोलते ही पोरगी!" विनोदभाऊ हसले. "रबर नाही म्हणून पाणी गेलं म्हणे! अहो, पाणी येईल कुठून? मे महिन्यात पाऊस पडतो का गाडीत?"

सगळ्या योगिताकडे बघू लागल्या. एक नाव घेतलं की झालं असतं. योगिताने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने आईकडे पाहिलं. आईने नकारार्थी मान हलवली. विनोदभाऊ पुतण्याकडे बघून हसले.

"पाणी माझं!"

शेडच्या दारात हंसाआजी उभ्या होत्या. खांद्यावर ओलं गोणपाट, आणि त्यातून जमिनीवर थेंब गळत होते.

"हे मी सीटखाली घालत होते. होडीला घालतात तसं. माझं चुकलं, सगळ्यांसमोर सांगते. तुमचे चार-पाच बाजार माझ्यामुळे गेले." मग त्या विनोदभाऊंकडे वळल्या. "पण मेल्या, गेला अख्खा उन्हाळा मी हेच केलं, तेव्हा गाडीला काही बाधलं नाही. का? रबर होतं! ते तू काढलंस आणि फाटकाला बांधलंस. दिवा बोंबलत होता, त्याच्या तोंडाला पट्टी लावलीस. आणि बोट कोणाकडे दाखवलंस?"

सगळ्या बायका विनोदभाऊंकडे बघू लागल्या.

"बोलण्यात काय आहे?" नारूकाका मिश्कीलपणे म्हणाले. "विनोद, तुझा हात गाडी ओळखते ना? आजींना शेजारी बसव, गोणपाट घाल आणि आशागडपर्यंत चक्कर मारून ये."

विनोदभाऊ तावातावाने निघाले. अर्ध्या तासाने गाडी परत आली ती दुरूनच ऐकू आली. गच्... गच्... गचक!

"काय रे विनोद," नारूकाका ओरडले, "क्लचवरचा पाय काढ की!"

बायका इतक्या हसल्या, की पुतण्यालाही हसू आवरेना. मग आईने पदर खोचला. इंजिन बंद करून, थोडं निवू देऊन तिने सीट उचलली, फडक्याने आतलं पाणी टिपलं, चिरलेली कॉइल काढली, जिग्नेशच्या खिशातली नवी बसवली, बोल्ट आवळला आणि खाचेत रबर दाबून झाकण लावलं. लागून राहिलेला पिवळा दिवा विझावा म्हणून नारूकाकांनी बॅटरीची तार काढून थोड्या वेळाने परत लावली. ते गोणपाट पुन्हा तिथेच ठेवलं. या खेपेला चक्कर आईने मारली, शेजारी भाविनीबेन बसल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातातल्या चहाच्या ग्लासातला थेंबही सांडला नव्हता.

"गाडी सुनिताबेनकडेच राहील," भाविनीबेन उतरताच म्हणाल्या. "आणि सुनिताबेन, मी न तपासता बोलले. माफ करा." विनोदभाऊंनीही खाली बघून काहीतरी पुटपुटत आईला हात जोडले. योगिताला ते 'चुकलं' असं ऐकू आलं.

नारूकाकांनी चाचपडत योगिताच्या डोक्यावर हात ठेवला. "चाळीस वर्षांत पुष्कळ पोरं शिकवली. नाव न घेता गप्प उभं राहायला कोणाला शिकवता आलं नाही मला. ते तुझं तुलाच येतं."

मंगळवारी पहाटे किनाऱ्यावर टोपल्या चढत होत्या. हंसाआजींनी सवयीने गोणपाट बुचकळलं, सीटपाशी नेलं, आणि मग जीभ चावून ते आपल्या मासळीवर पांघरलं. तेवढ्यात एक नवी बाई टोपली घेऊन आली. "मी कुठे बसू?" तिने विचारलं.

"मला काय विचारतेस?" हंसाआजी म्हणाल्या. "तांडेलाला विचार."

आईने वळून मागे पाहिलं. कुठल्या होडीचा तांडेल आलाय, म्हणून ती किनाऱ्याकडे बघत होती.

"तिकडे कोणाला शोधतेस गो?" आजी म्हणाल्या. "माझा नवरा गेल्यापासून मी कोणाला तांडेल म्हटलं नव्हतं. तुला म्हणते."

आईने आरसा सारखा केला, आणि आरशात योगिताला तिचे भरलेले डोळे दिसले. किल्ली फिरली. पिवळा दिवा लागला आणि इंजिन सुरू होताच विझला.

मागे जिग्नेश आणि बारकी शेंगदाण्यांच्या पुडीवरून असे भांडत होते, की दापचरीचा चढ कधी आला आणि कधी संपला, ते कोणालाच कळलं नाही.